जुन्या जोड्याचं नवं मोल

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते बुटांविषयी. कवी म्हटला की त्यानं चंद्राविषयी बोलावं, पावसाविषयी बोलावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. पण आपला बीड जिल्हा मुळात चालणाऱ्यांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की इथली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. अशा मुलखात पायातल्या वस्तूविषयी चार शब्द बोलायला हरकत नसावी.

विषय एका विशिष्ट बुटाचा आहे. अलीकडे बीडच्या बाजारात, अंबाजोगाईच्या कॉलेजांबाहेर, परळीच्या बसस्टँडवर तरुण मुलांच्या पायात तो हमखास दिसतो. पांढराशुभ्र, जाड तळाचा, पुष्कळदा घोट्याच्या वर चढलेला. दुकानदार त्याला 'रेट्रो' म्हणतात. रेट्रो म्हणजे मागचं, मागे वळून पाहिलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर 'जुनं ते सोनं'. हा मूळचा बास्केटबॉलचा बूट. गंमत अशी, की तो घालणाऱ्या बहुतेक मुलांनी बास्केटबॉलच्या चेंडूला कधी हातही लावलेला नसतो. मग खेळ मागे राहिला आणि बूट एवढा पुढे कसा आला? आणि असा बूट घ्यावा की नाही, हे ठरवायचं तर तो कशानं तोलायचा? माझ्याकडे तीन वजनं आहेत: रुबाब, आराम आणि मोल. पण तराजू हातात घेण्याआधी या बुटाची थोडी कुंडली मांडू.

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाच्या अडचणीतून जन्मला. १८९१ चा डिसेंबर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड इथं वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती आणि तिथं जेम्स नायस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत कोंडलेली, कंटाळलेली पोरं. नायस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच नावाच्या फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि पोरांना त्यांत चेंडू टाकायला लावला. टोपलीचा खेळ म्हणून बास्केटबॉल. आता लाकडी फरशीवर धावायचं, उडी मारायची, धावता धावता एकदम थांबायचं, तर चामडी तळाचा बूट घसरणार. तिथं रबर कामी आलं.

कच्चं रबर उन्हात चिकटतं आणि थंडीत कडक होतं. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यामुळे पुढे कापडी बुटाला रबरी तळ बसवता आला. या बुटाच्या चालण्याचा आवाज होत नाही, म्हणून अमेरिकेत त्याला 'स्नीकर' म्हणू लागले. स्नीकर म्हणजे चोरपावलांनी येणारा. आज जो बूट सगळ्यांनी बघावा म्हणून घालतात, त्याचं नाव मुळात कुणाला कळू न देता चालण्यावरून पडलेलं आहे!

१९०८ मध्ये मार्क्विस कॉन्व्हर्स यांनी मॅसॅच्युसेट्समध्येच रबरी बुटांची कंपनी काढली आणि १९१७ मध्ये तिचा 'ऑल स्टार' हा कॅनव्हासचा बूट आला. तो गाजवला चक टेलर या गृहस्थांनी. ते स्वतः खेळाडू आणि कंपनीचे विक्रेते. गावोगाव जायचं, मुलांना खेळ शिकवायचा आणि जाता जाता बूट विकायचा, असा त्यांचा खाक्या. १९३० च्या दशकात त्यांची सही त्या बुटाच्या घोट्यावरच्या गोल बिल्ल्यावर आली. बुटावर माणसाचं नाव घालून तो विकायची वाट इथून रुळली. पुढची गोष्ट समजून घ्यायला एवढं लक्षात ठेवा.

खेळ आपल्या देशात आला तोही वायएमसीएच्या वाटेनं. १९२० मध्ये मद्रासला हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाची शाळा सुरू केली आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. १९३४ मध्ये दिल्लीला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्या महाराष्ट्रात या खेळाचं खरं घर बनलं मुंबईचं नागपाडा. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं तिथं 'नागपाडा नेबरहूड हाऊस' उभं केलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट पुढे १९३६ मध्ये, आज आपण जिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो, तिचे पहिले संचालक झाले. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, मैदान बेताचं. क्रिकेटला जागा नाही, पण दोन खांब आणि दोन कड्या पुरेशा. त्याच नागपाड्यातून अब्बास मुंतसीर निघाले. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या समाजातल्या गल्लीबोळातल्या पोरांना या खेळानं नाव दिलं, याचा मला अभिमान वाटतो.

नागपाड्याला खेळ पोचला. बीडकडे आमच्या पोरवयात पोचला तो त्या बुटाचा गरीब चुलतभाऊ. १९३० च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर वसलं आणि तिथला कॅनव्हासचा 'टेनिस' बूट देशभरच्या शाळांत गेला. तसेच बूट मग इतरही अनेक कारखाने काढू लागले. आम्ही टेनिस कुठलं खेळतोय! आम्ही त्यांना पीटीचे बूट म्हणायचो. घेताना एक नंबर मोठा घ्यायचा, म्हणजे दोन वर्षं जातात. पुढं जागा उरली की शेतातल्या बोंडातला कापूस कोंबायचा. मोठ्या भावाला आखूड झाला की धाकट्याच्या पायात. पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री खडू भिजवून, चोळून ते पांढरे करायचे आणि सकाळी शाळेच्या वाटेवरची काळी माती चुकवत, बगळ्यासारखी पावलं टाकत जायचं. झेंडावंदन होईपर्यंत बूट पांढरे राहिले म्हणजे मिळवली. पांढऱ्या बुटाचं वेड आजच्या पोरांनी आणलेलं आहे, असं समजू नका.

तिकडे अमेरिकेत मात्र कापडी बुटाचे दिवस सरत आले. १९६९ च्या सुमारास आदिदासचा चामडी 'सुपरस्टार' आला. १९७३ मध्ये प्यूमानं वॉल्ट फ्रेझर या खेळाडूच्या 'क्लाइड' या टोपणनावानं बूट काढला. १९८२ मध्ये नाइकीचा 'एअर फोर्स वन' आला. त्याच्या टाचेखाली हवा भरलेली पिशवी होती. १९८५ मध्ये मायकेल जॉर्डन या तरुण खेळाडूच्या नावाचा 'एअर जॉर्डन' दुकानांत आला. किंमत ६५ डॉलर. त्या वेळच्या हिशेबानं सुमारे ८०० रुपये. चक टेलरनं मळलेली वाट आता हमरस्ता झाली होती.

आता 'रेट्रो' कसा जन्मला ते ऐका. कंपनीच्या दृष्टीनं बूट म्हणजे यंदाचं पीक. नवा आला की जुना बंद. 'एअर फोर्स वन' असाच दोन वर्षांत, १९८४ मध्ये बंद झाला. पण बाल्टिमोर शहरातल्या काही दुकानदारांचं गिऱ्हाईक तो मागत राहिलं. हे गिऱ्हाईक बहुतेक काळ्या वस्त्यांमधलं. दुकानदारांनी कंपनीच्या मागे लागून तोच बूट नव्या रंगांत पुन्हा काढायला लावला आणि तो हातोहात खपला. मेलेला बूट गिऱ्हाइकांनी जिवंत केला. याच्या उलटही झालं. १९९४ मध्ये कंपनीनं आपणहून पहिला 'एअर जॉर्डन' पुन्हा बाजारात आणला, तर तो पडून राहिला आणि शेवटी सवलतीत काढावा लागला. तेव्हा तो अजून पुरता जुना झाला नव्हता. आठवणीलाही मुरावं लागतं, लोणच्यासारखं. त्यानंतर मुरल्यावर त्याच बुटासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या.

आता तराजू घेऊ. पहिलं वजन आरामाचं.

खरं सांगायचं तर या वजनाला रेट्रो बूट हलका पडतो. 'ऑल स्टार'चा तळ पातळ आणि सपाट. शंभर वर्षांपूर्वी तोच चांगला होता, कारण त्याहून चांगला नव्हता. दिवसभर उभं राहायचं असेल तर टाच बोलायला लागते. 'एअर फोर्स'सारख्या बुटाचा तळ जाड आणि भरीव, पण बूट जड, आणि जाड चामड्यात पाय कोंडतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या बुटात पायाचं काय होत असेल याची कल्पना करा. घोट्यावर चढलेला बूट घोटा मुरगळू देत नाही, असा समज आहे. त्याला संशोधनातून ठाम पुरावा मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या जगण्याची आहे. हा बूट ज्या देशात जन्मला, तिथं पुष्कळ घरांत माणूस सकाळी बूट घालतो तो रात्रीच काढतो. आपण दिवसातून दहादा काढतो. घराच्या उंबऱ्याशी, मंदिराच्या पायरीशी, मशिदीच्या दाराशी, कुणाच्या घरी भेटायला गेलो तर त्यांच्या ओट्यावर. जुम्म्याच्या दिवशी मी बघतो, आत जमात उभी राहिलेली असते आणि एखादा पोरगा पायरीवर बसून आठ भोकांची नाडी सोडवत असतो. शेजारी त्याचे आजोबा चप्पल भिरकावून केव्हाच आत पोचलेले असतात. चप्पल हीच आपल्या हवेला आणि आपल्या उंबऱ्यांना मानवणारी वस्तू आहे, हे आपल्या बापजाद्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि ज्याला खरंच पळायचं आहे, तो जुन्या बुटाकडे वळूनही बघत नाही. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. शेतकऱ्याचं पोर. लहानपणी मैलोन्‌मैल चालत-पळत शाळेला जायचं. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात नोकरी केली आणि मग तीन हजार मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत धरली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, तेही सुवर्णापासून फक्त पाच शतांश सेकंद मागं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. या शर्यतीत असं सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. अशा धावपटूचा बूट दरवर्षी हलका होत जातो. मैदान पुढं बघतं. मैदानानं टाकून दिलेलं रस्ता उचलतो आणि त्याला रेट्रो म्हणतो.

दुसरं वजन मोलाचं. चांगल्या कंपनीचा असा अस्सल जोडा आज साधारण आठ हजारांच्या घरात जातो. गाजलेल्या रंगाचा असेल तर कितीतरी पुढं. आता आठ हजार म्हणजे किती? जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा टनाला सुमारे ३६६ रुपये झाले. म्हणजे आठ हजारांसाठी जवळजवळ बावीस टन ऊस. नवराबायकोचा एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. धुक्यात उठून तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडी भरणं. अकरा ते पंधरा दिवस दोन माणसांनी राबावं, तेव्हा एक जोडा. आणि ती दोन माणसं फडात पाचटावरून चालतात ती बहुधा साध्या प्लॅस्टिकच्या बुटांत, नाहीतर चपलेत. हा हिशेब मी कुणाला लाज वाटावी म्हणून मांडत नाही. आपल्या जिल्ह्यात रुपयाचं वजन कशात मोजतात, ते सांगतो आहे.

काही जण म्हणतात, हे बूट म्हणजे गुंतवणूक, ठेवून द्या, भाव वाढतो. त्यांना एक सांगायला हवं. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचा फेस असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू कुजतो. दहा-पंधरा वर्षं डब्यात जपलेला जोडा बाहेर काढून पायात घालावा, तर चार पावलांत तळाची भुकटी होते. सोनं तिजोरीत टिकतं, बूट टिकत नाही. तो वापरला तरच वसूल होतो. मोलाचा साधा भागाकार असा: किंमत भागिले वापरलेले दिवस. आठ हजारांचा जोडा तीन वर्षं रोज घातला तर दिवसाला सात-साडेसात रुपये पडतात. तोच फक्त लग्नासमारंभात मिरवला तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बाजारात 'फर्स्ट कॉपी' नावाचा मालही मिळतो, अस्सल किमतीच्या चौथाई-पाचवाईत. त्यात रुबाब असतो, लांबून. पण तळ अनेकदा एका पावसाळ्यात उकलतो, आणि मग आपला चौकातला मोचीच कामाला येतो. तो दाभणानं कडेकडेनं शिवून देतो आणि वीस-तीस रुपये सांगतो, त्यातही आपण घासाघीस करतो. कंपनीच्या शोरूममध्ये मात्र आपण घासाघीस करत नाही. कारागिराच्या हाताचं मोल आणि नावाचं मोल यांतला हा फरक आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल आधी तिचं नाव न घेताच दाखवली, तेव्हा महाराष्ट्रात ओरड झाली ती याचसाठी. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं. ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं. जुनं विकायचं तर ते कुणाचं जुनं, हे सांगावं लागतं. बाल्टिमोरच्या त्या वस्त्यांची आठवण विकतानाही हे लागू आहे.

राहिलं तिसरं वजन, रुबाबाचं. आमच्या वयाची माणसं हे वजन तराजूत घालायलाच तयार नसतात. एकदा मी माझ्या भाच्याला म्हटलं, "अरे, बास्केटबॉलचं मैदान कधी पाहिलं नाहीस, तुला हा बूट कशाला?" तो म्हणाला, "मामू, तुम्ही कविसंमेलनाला शेरवानी घालून जाता, ते काय तुमचा निकाह असतो म्हणून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या प्रश्नानं मला इतिहासात बरंच मागं नेलं.

पायातली वस्तू आपल्याकडे नुसती काट्यापासून वाचवणारी कधीच नव्हती. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना दलितांनी पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायच्या, असा रिवाज महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत होता. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण सहज वापरतो, पण ती माणसांना उद्देशून वापरली जाते, हे विसरतो. ज्या समाजाला वहाण हातात धरून चालायला लावलं, त्या समाजातून आलेले बाबासाहेब सूट-बूट घालून उभे राहिले, तेव्हा त्या बुटाचा अर्थ खेड्यातल्या निरक्षर माणसालाही कळला. हाच अर्थ अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये त्या पांढऱ्या बुटाला होता. घर भाड्याचं, नोकरीची खात्री नाही, पण पाय स्वच्छ, बूट कोरा आणि मान ताठ. म्हणून वस्तीतला एखादा पोरगा पहिल्या पगारातून असा जोडा घेतो आणि तो दातांच्या ब्रशनं घासून चमकवतो, तेव्हा मी हसत नाही. त्याच्या घराण्यात कुणाला तरी अनवाणी उभं केलेलं असतं. त्याचं उत्तर तो पायानं देतो आहे.

एवढं मात्र मी त्याला सांगेन. रुबाब तुझा हक्क आहे, पण त्याचं बिल आईबापाच्या कोयत्यावर टाकू नकोस. तुझ्या कमाईचा असेल तर घे आणि डब्यात न ठेवता रोज घाल. नाव पाहून भुलू नकोस. साध्या कंपनीचा कॅनव्हासचा बूटही तितकाच जुना आणि तितकाच खानदानी आहे, आणि आपल्या उन्हात पायाला बरा. पांढराच हवा असेल तर मोचीशी ओळख ठेव, त्याला घासाघीस न करता पैसे दे.

आणि दुकानात जायचं तर संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्यानं पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा जो बूट बसतो तोच खरा बसतो. आरशात बघायचं तर जरूर बघ, पण त्याआधी दुकानातल्या दुकानात दहा पावलं चाल. पायाला विचार. पाय खोटं बोलत नाहीत.